पुस्तकातली गोधडी, खळ्यातली गोधडी

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

"बाई, ती पुस्तकातली बाय बरा नवा कापड कापता आणि परत जोडता. कित्या?"

२०२२ च्या मे महिन्यात मालवण-कसाल रस्त्यापासून आत असलेल्या एका गावात, खळ्यात पसरलेल्या साडीच्या कडेला बसून एका काकींनी मला हा प्रश्न विचारला. मी तीस वर्षं शाळेत शिवण आणि कार्यानुभव शिकवला. शिवणातलं कुणी काही विचारलं आणि मला उत्तर आलं नाही, असं सहसा होत नाही. त्या दिवशी झालं. मी हसून वेळ मारून नेली. आज तुमच्याशी बोलायचं आहे ते या प्रश्नाबद्दल आणि गोधडी शिकवणारं पुस्तक घरी बसून गोधडी शिवणाऱ्या बाईच्या कितपत कामाला येतं, याबद्दल.

त्याचं झालं असं. या गावात अकरा बायकांचा एक बचत गट आहे. कोकम, आगळ, कुळथाचं पीठ असं ते विकतात. तारकर्लीच्या बाजूला पर्यटकांसाठी खोल्या चालवणाऱ्या एका गृहस्थांनी त्यांच्याकडे वीस गोधड्या मागितल्या. अट एकच, गोधड्या 'पुस्तकातल्यासारख्या' हव्यात. पुस्तक कुठलं, तर गटातल्या एकीची भाची न्यू जर्सीला असते, तिनं येताना आणलेलं. गुळगुळीत कागद, रंगीत फोटो, पन्नासेक नमुने. बायकांपुढे प्रश्न होता की गटाच्या खात्यातले पैसे काढून नवं कापड आणावं का, आणि हे पुस्तक मराठीत करून घेऊन त्यावरून काम शिकावं का. मी शिवणाची बाई, शिवाय इंग्रजी वाचता येणारी. म्हणून पुस्तक माझ्याकडे आलं.

मी ते चार दिवस वाचलं आणि पैकीच्या पैकी गुण देऊन टाकले. का देऊ नयेत? पायरीपायरीनं आकृत्या, किती कापड लागेल त्याचं कोष्टक, सोपं कुठलं अवघड कुठलं त्याच्या खुणा. शाळेत असं पुस्तक मिळालं असतं तर मी डोक्यावर घेऊन नाचले असते. मी त्यातल्या सोप्या नमुन्याचं मराठी केलं. नाइन पॅच, म्हणजे नऊ चौकोनी तुकड्यांचा एक मोठा चौकोन. बायकांनी एक शहाणपण केलं. पैसे खात्यातच ठेवले आणि पहिली गोधडी नमुना म्हणून घरातल्या जुन्या सुती साड्यांची केली. दिसायला ती इतकी सुरेख झाली की दोन दिवस शेजारपाजार बघायला येत होता.

मग ती धुतली. आमच्याकडे गोधडी धुणं म्हणजे व्हाळावर नेऊन दगडावर आपटणं आणि कातळावर पसरून वाळवणं. दुसऱ्या धुण्यात ती जागोजागी उसवली. उसवली हा शब्दही बरोबर नाही. शिवण जागेवर होती. शिवणीच्या कडेकडेनं कापड फाटलं होतं. काकी काही बोलल्या नाहीत. त्यांनी फाटलेल्या जागी बोट घालून मला दाखवलं, इतकंच. सल्ला माझा होता आणि तो चुकला होता.

घरी येऊन मी हिशोब मांडायला बसले. आमची गोधडी साधारण सहा फूट लांब आणि चार फूट रुंद. बारा इंची चौकोन धरले तर चोवीस बसतात. प्रत्येकात नऊ तुकडे, म्हणजे दोनशे सोळा तुकडे. तुकडा चार इंचाचा दिसायला हवा तर पुस्तक सांगतं साडेचार इंचाचा कापा, कारण चारी बाजूंनी पाव-पाव इंच शिवणीत जातं. आता साडेचार गुणिले साडेचार म्हणजे सव्वावीस चौरस इंच कापड, आणि त्यातलं दिसतं सोळा. राहिलेलं सव्वाचार आत दडलं. पाचवा हिस्सा झाला की हा! पाच साड्या कापल्या तर एक साडी नुसती शिवणीत गेली. काकींच्या सासूनं हे ऐकलं असतं तर तिनं पुस्तक चुलीत घातलं असतं.

पण नासाडीपेक्षा मोठी गोष्ट वेगळीच होती, आणि ती मला तीस वर्षांत सुचली नव्हती. दोन तुकडे कडेला कड लावून जोडले की सगळा ताण त्या शिवणीवर येतो. नवं कापड तो ताण सहज पेलतं. पंधरा वर्षं नेसून, धुऊन विरलेली साडी पेलत नाही. जुन्या साडीचा तुकडा दुसऱ्या कापडावर ठेवून चारी कडा दुमडून शिवला, तर मात्र त्याच्यावर ताण येतच नाही. ओझं खालच्या कापडावर. वरचा तुकडा नुसता पडून राहतो, आणि गोधडीला एक थर जास्त देतो. आपण त्याला ठिगळ म्हणतो. ठिगळ हा शब्द आपण गरिबीशी जोडून टाकला आहे, पण शिवणाच्या दृष्टीनं पाहिलं तर जीर्ण कापड वापरण्याची तीच योग्य रीत आहे. आमच्या काकी तुकड्याला तुकडा जोडत नाहीत, तुकडा साडीवर ठेवतात. त्यांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथे मिळालं. उरलेल्या अर्ध्यासाठी पुस्तकांच्या मागे जावं लागलं.

हे नवं कापड कापून जोडण्याचं वेड आलं कुठून? गंमत म्हणजे त्याचा एक धागा आपल्याच किनाऱ्यांकडे येतो. सतराव्या शतकात हिंदुस्थानातून छापील, रंगीत सुती कापड युरोपात जाऊ लागलं. आपल्या चिटाचं इंग्रजीत 'चिंट्झ' झालं, पलंगपोसाचं 'पॅलमपोर' झालं. तिथल्या विणकरांचा धंदा बुडायला लागला, तेव्हा इंग्लंडच्या पार्लमेंटनं आधी हे कापड आणण्यावर आणि मग १७२१ च्या कायद्यानं ते वापरण्यावरही बंदी घातली. फ्रान्सनं तर १६८६ मध्येच घातली होती. अशा दुर्मीळ कापडाचा कपटाही कोण टाकील? इंग्लंडमध्ये लेव्हन्स हॉल नावाच्या जुन्या वाड्यात १७०८ च्या सुमाराची तुकड्यांची गोधडी जपून ठेवली आहे. त्या देशातल्या सर्वांत जुन्या गोधड्यांत ती गणली जाते, आणि तिच्यातले तुकडे आहेत हिंदुस्थानी चिटाचे. तिथे तुकडे जोडण्यामागे कापड मौल्यवान असणं हे कारण होतं. कापड विरलेलं असण्याशी त्याचा संबंध नव्हता.

पुढे गिरण्या आल्या आणि तेच छापील कापड स्वस्त झालं. अमेरिकेत 'गोडीज लेडीज बुक' या बायकांच्या मासिकानं १८३५ मध्ये मधाच्या पोळ्यासारख्या षट्कोनी तुकड्यांचा नमुना छापला. १८८९ मध्ये सेंट लुईस इथे 'लेडीज आर्ट कंपनी' निघाली. ती टपालानं नमुने विकायची. १९१५ मध्ये मेरी वेब्स्टर या बाईंनी गोधड्यांचा इतिहास आणि कृती सांगणारं अख्खं पुस्तक लिहिलं. 'कॅन्सस सिटी स्टार' हे वृत्तपत्र १९२८ पासून १९६१ पर्यंत गोधडीचे नमुने छापत होतं. १९७९ मध्ये जपानच्या ऑल्फा कंपनीनं गोल पात्याची कापणी बाजारात आणली आणि एका वेळी चार-सहा थर पट्टीला लावून सरळ कापता येऊ लागले. आमच्या न्यू जर्सीच्या पुस्तकातलं पहिलं वाक्य याच कापणीबद्दल होतं.

हे सगळं वाईट आहे असं मला मुळीच म्हणायचं नाही. पण यातून पुस्तकाचा एक स्वभाव ठरून गेला. पुस्तक दुकानापासून सुरू होतं. किती वार कापड घ्या, कुठला धागा घ्या, आत भरायला कापसाचा कुठला थर घ्या. गोधडी म्हणजे काहीतरी विकत आणून करायची वस्तू, हे त्यानं न बोलता धरलेलं असतं. अमेरिकेतही घरोघरच्या सगळ्या बायका अशा पुस्तकावर चालल्या असं नाही. अलाबामा राज्यात नदीच्या वळणावर जीज बेंड नावाची कृष्णवर्णीय शेतकऱ्यांची वस्ती आहे. तिथल्या बायका शेतात वापरलेल्या जीर्ण कपड्यांच्या गोधड्या मनाला येईल तशा शिवत. १९६६ मध्ये त्या भागातल्या बायकांची एक सहकारी संस्था झाली, न्यूयॉर्कच्या मोठ्या दुकानांकडून मागणी आली आणि त्याबरोबर अटही आली की सगळ्या एकसारख्या हव्यात. १९७२ मध्ये सिअर्स कंपनीनं कॉर्डरॉयच्या उशीच्या खोळी ठरल्या मापानं शिवून मागितल्या. खोळी कंपनीला गेल्या; उरलेल्या कॉर्डरॉयच्या तुकड्यांच्या बायकांनी आपापल्या घरी आपल्या पद्धतीच्या गोधड्या केल्या. २००२ मध्ये ह्यूस्टन आणि न्यूयॉर्कच्या संग्रहालयांत ज्या गोधड्या मांडल्या गेल्या आणि लोकांनी रांगा लावून पाहिल्या, त्या या घरच्या. तारकर्लीच्या गृहस्थांची 'पुस्तकातल्यासारख्या'ची अट आठवली की मला हटकून त्या खोळी आठवतात.

आता आपल्याकडे वळू. आमच्या गोधडीचा इतिहास लिहायचा तर तो मुंबईच्या बोटीपासून लिहावा लागेल. १८५४ मध्ये कावसजी दावर यांनी मुंबईत पहिली कापडगिरणी उभी करायला घेतली, आणि पुढच्या शंभर वर्षांत गिरणगावात कामाला गेलेल्यांत आमच्या भागातल्या माणसांचा भरणा मोठा होता. तेव्हा हा सगळा मुलूख रत्नागिरी जिल्ह्यात. सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला १ मे १९८१ ला. चाकरमानी चतुर्थीला, शिमग्याला, मे महिन्यात बोटीनं येत. मोठी बोट मालवणला बाहेर समुद्रात थांबायची आणि पडावातून किनाऱ्याला लागायचं. ट्रंकेत गिरणीची लुगडी, धोतरं आणि ताग्यातून उरलेले तुकडे असत. मुंबईच्या बाजारात या तुकड्यांना फेंट म्हणत. लुगडं आधी अंगावर, मग घरात नेसायला, मग बाळाच्या दुपट्याला आणि शेवटी गोधडीत. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ नंतर कापडावर नियंत्रण आलं. कापड मिळेना, तेव्हा जुनी गोधडीच आत घालून तिच्यावर नवं पांघरूण शिवायची रीत घरोघर कामाला आली. माझ्या आईच्या घरातली अशी एक गोधडी मी एकदा उकलली होती. आत दुसरी गोधडी, तिच्या आत तिसरी. सर्वांत आतल्या धाग्याला हात लावला तर तो राखेसारखा विस्कटला.

या लुगड्याचं माप बघा. नऊवारी म्हणजे नऊ वार, सत्तावीस फूट. रुंदी असते पावणेचार-चार फूट. तिची चार पदरी घडी घातली की लांबी होते पावणेसात फूट. म्हणजे माणूस झोपेल एवढी लांबी, त्याला पुरेल एवढी रुंदी, आणि चार थर! पट्टी नको, कात्री नको. सहावारी अठरा फुटांची. ती तीन पदरी घातली की बरोबर सहा फूट. गोधडीला घाटावर चौघडी म्हणतात, त्या शब्दातच चार घड्या बसलेल्या आहेत. आमच्या आज्या-पणज्या अशिक्षित होत्या म्हणून मोजमाप करत नव्हत्या, असं नाही. साडी हेच माप होतं. कापायची वेळच येत नव्हती.

गोधडी घालायची ती शिमगा झाल्यावर आणि मिरग लागायच्या आत. एकदा पाऊस सुरू झाला की खळ्यात पसरायची सोय नाही आणि दोऱ्यालाही ओल धरते. खळं झाडून, सारवून, वाळू द्यायचं. खाली जाड आणि धड साडी. तिच्यावर घडी घातलेली दुसरी. अगदी विरलेली, फाटकी असेल ती मधल्या थरात, जिथे तिला कुणी ओढणार नाही. वर पुन्हा धड साडी. कडांवर पाट ठेवायचे, नाही तर चिरे. मग तळहातानं मधून कडेकडे सुरकुती काढत जायचं. हे काम बघायला सोपं वाटतं. मी करून पाहिलं, तीनदा परत उचलावं लागलं. कुठे झोळ राहिला ते काकींना डोळ्यांनी दिसत नाही, त्या तळव्यानं ओळखतात. मग लांब लांब कच्चा दोरा घालून थर एकमेकांना बांधायचे, आणि नंतर खरा धावदोरा.

इथे पुस्तकाचं आणि काकींचं सरळ भांडण आहे. पुस्तक सांगतं, टाके मधून सुरू करा आणि बाहेर जा, म्हणजे सुरकुत्या कडेनं निघून जातील. काकी कडेपासून सुरू करतात आणि फेऱ्या घालत आत येतात. आधी मला वाटलं, एकाचं चूक असणार. दोघांचंही बरोबर आहे. पुस्तकातल्या गोधडीच्या पोटात कापसाचा जाड थर असतो. तो सरकतो, म्हणून मधून सुरुवात. शिवाय पुस्तकातली बाई एकटी, मांडीवर गोल चौकट घेऊन बसलेली. आमच्या गोधडीच्या पोटात कापडच असतं, ते आधी कच्च्या दोऱ्यानं बांधलेलं असतं, आणि ती जमिनीवर पसरलेली असते. कडेनं चार बायका चार बाजूंना बसतात आणि बोलत बोलत मध्याकडे सरकतात. शेवटी मधे थोडा फुगा येतो, तो बारीक टाक्यांत जिरवून टाकतात. थोडक्यात, चार जणींच्या कामाची रीत पुस्तकानं एकटीला शिकवायला घेतली तर तिची सुरुवातच उलटी होते.

आपल्या खालच्या अंगाला, उत्तर कन्नड जिल्ह्यात यल्लापूर, हल्याळच्या बाजूला सिद्दी लोक राहतात. पोर्तुगीजांच्या काळात आफ्रिकेतून गुलाम म्हणून गोव्याला आणलेल्या लोकांपैकी बरेच जण त्या जंगलात जाऊन वसले. त्यांच्या बायका कवंदी शिवतात. त्याही कोपऱ्यापासून सुरू करून कडेनं फिरत आत येतात, त्याही तुकडा वर ठेवूनच शिवतात, आणि कोपऱ्यांवर दुमडलेल्या त्रिकोणांची 'फुलं' लावतात. फुलं नसतील तर कवंदी उघडी, असं त्या म्हणतात. न्यूयॉर्कमध्ये २०११ साली त्यांच्या कवंद्यांचं प्रदर्शन झालं. मला त्यात फुलांपेक्षा कडेनं आत येणं जास्त ओळखीचं वाटलं. जिथे जुनं कापड आणि जमीन, तिथे हात असेच चालणार.

तुम्ही म्हणाल, मग आपल्या गोधडीवर पुस्तकं नाहीत का? आहेत, आणि चांगली आहेत. बंगालच्या कांथेवर स्टेला क्रामरिश यांनी १९३९ मध्ये लेख लिहिला, तेव्हापासून अभ्यासकांचं तिकडे लक्ष आहे. आपल्या महाराष्ट्रातल्या गोधड्यांवर मुंबईच्या गीता खंडेलवाल यांनी गावोगाव फिरून इंग्रजीत पुस्तक केलं, ते फ्रान्सच्या क्विल्टमानिया प्रकाशनानं काढलं. त्यातले फोटो पाहून मला वाटलं, आपण घरात काय काय पायपुसण्याला लावलं! पण ही पुस्तकं गोधडी पाहायला शिकवतात. ती शिवायला शिकवण्यासाठी लिहिलेली नाहीत, तेव्हा त्यांना त्या मापानं मोजणंही बरं नव्हे.

मराठी घरात खऱ्या अर्थानं वापरलं गेलेलं कृतीचं पुस्तक आठवायचं तर मी 'रुचिरा'चं नाव घेईन. कमलाबाई ओगल्यांनी १९७० मध्ये ते आणलं आणि मापं दिली ती वाटीची आणि चमच्याची. प्रत्येक घरात वाटी होतीच. नवी लग्न झालेली मुलगी दुकानात न जाता पान उघडून सुरुवात करू शकत होती. आमच्या न्यू जर्सीच्या पुस्तकाला मी दिलेले पैकीच्या पैकी गुण नंतर कापले, ते याच मापानं. सुरुवात करणाऱ्या बाईच्या हाताशी जे आहे तिथून पुस्तक सुरू होतं का? तिचं कापड नवं नसेल तर ते काही सांगतं का? चुकलं तर उकलून परत कुठून धरायचं हे त्यात आहे का? या तिन्ही प्रश्नांना त्या पुस्तकाचं उत्तर 'नाही' असं आलं.

तरी पुस्तक फेकून द्यायच्या लायकीचं नव्हतं, हेही सांगितलं पाहिजे. गडद आणि फिकट रंग शेजारी कसे ठेवायचे यावरची त्यातली दोन पानं बायकांना फार आवडली. आणि पन्नास नमुन्यांत एक असा निघाला की काकी स्वतःहून म्हणाल्या, "ह्या जमात." त्याचं नाव लॉग केबिन, म्हणजे ओंडक्यांची झोपडी. मधे एक छोटा चौकोन, बहुतेक लाल, आणि त्याच्याभोवती पट्ट्या एकामागून एक बसवत जायच्या. ही जुनी रीत अशी, की पट्ट्या खालच्या एका साध्या कापडावर शिवत जातात. म्हणजे ताण पुन्हा खालच्या कापडावर! शिवाय पट्ट्या कुठून आणायच्या? साडीचे काठ. साडी विरते पण काठ वर्षानुवर्षं टिकतो, आणि तो मुळातच पट्टीच्या आकाराचा असतो. पुस्तकात काठाचा उल्लेखही नाही, कारण पुस्तकातल्या बाईला साडी माहीत नाही. तो जोड काकींनी बसवला. त्या गोधडीला तीन पावसाळे झाले, ती अजून धड आहे.

मग आम्ही मराठी भाषांतराचा नाद सोडला आणि शाळेची दोनशे पानी वही घेतली. तिच्यात मी लिहीत गेले आणि बायका सांगत गेल्या. पहिल्या पानावर एकच सूचना आहे: साडी दोन्ही हातांनी धरून उजेडाकडे बघा, पलीकडचं माणूस ओळखू आलं तर ती मधल्या थरात. मापं साडीची, घडीची, वितीची आणि बोटांची. टाक्याची लांबी पुस्तकात इंचाच्या हिशोबात होती, आमच्या वहीत ती तांदळाच्या दाण्याची आहे. कुठला तांदूळ यावर अर्धा तास वाद झाला. शेवटी 'उकड्याचो' असं लिहिलं.

एका पानावर आम्ही अडलो आहोत. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईतल्या अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, आणि त्यातून ते गिरणगाव काही परत उठलं नाही. तोवर बायकांच्या अंगावर टेरिलिन, नायलॉन, पॉलिस्टर आलंच होतं. आज पन्नाशीच्या बाईच्या कपाटात जुन्या म्हणून ज्या साड्या आहेत त्या बहुतेक पॉलिस्टरच्या. ती साडी विरत नाही, मऊ होत नाही, घाम पीत नाही आणि एकावर एक ठेवली की घसरते. काकींच्या हाताला ती कळत नाही. कच्चा दोरा दुप्पट घालून पाहिला, मधे एक सुती थर घालून पाहिला. दुसऱ्यात थोडं यश आलं. पण सुती साडी कुठून आणणार? गटातल्या बायका आता बारशाला, बाराव्याला गेल्या की घरच्या म्हाताऱ्या माणसाच्या लुगड्यांची चौकशी करून येतात. ऐकायला विचित्र वाटेल, पण देणाऱ्यांना ते आवडतं असा अनुभव आहे. एका घरानं तर आजीची चार लुगडी दिली आणि त्यातली एक गोधडी परत मागितली. त्याचे पैसे घेतले नाहीत.

तारकर्लीच्या गृहस्थांचं काय झालं, ते राहिलंच. त्यांनी ठिगळांची गोधडी पाहून आधी नाक मुरडलं. वीसऐवजी सहा घेतल्या, त्याही काठांच्या. दर ठरवताना काकींनी त्यांना विचारलं, टाके मोजणार की दिवस? ते हसले. मग दिवस मोजले. एक गोधडी चार बायकांचे अकरा दिवस, घरचं काम सांभाळून. जो दर निघाला तो ऐकून त्यांचं हसू गेलं, पण पैसे दिले.

वही सध्या एका घरून दुसऱ्या घरी फिरते. मागच्या महिन्यात ती माझ्याकडे आली तेव्हा कव्हर गेलेलं होतं, दोन पानांवर हळदीचे डाग होते आणि मी स्वच्छ अक्षरात लिहिलेल्या 'कडेपासून चार बोटे सोडून पहिली फेरी' या ओळीवर कुणीतरी पेन्सिलीनं काट मारली होती. बाजूला लिहिलं होतं, "चार नाय, तीन. बाईंची बोटां बारीक."